प्रेक्षकांचे दार बंद, स्वयंपाकघराचे उघडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रविवारी, २३ जानेवारी २०२२ रोजी महिला आशिया चषक फुटबॉल स्पर्धेचा भारत विरुद्ध चायनीज तैपेई सामना होणार होता. तो झालाच नाही. भारताला किमान १३ खेळाडूंची यादी देता आली नाही आणि आशियाई फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एएफसीच्या, करोनाकाळातल्या विशेष नियमांनुसार यजमान संघानेच स्पर्धेतून माघार घेतली असे धरले गेले. २० तारखेची इराणविरुद्धची गोलशून्य बरोबरीही पुसली गेली. याच स्पर्धेतून २०२३च्या विश्वचषकाचे आशियाई संघ ठरणार होते. वर्षभर घाम गाळलेल्या मुलींसाठी ती वाट एका संध्याकाळी बंद झाली. तेव्हापासून एकच प्रश्न ऐकू येतो आहे: स्टेडियममध्ये प्रेक्षकांना बंदी होती, मग करोना आत आला कुठून?

प्रश्न रास्त आहे, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. ती दुरुस्त झाली नाही तर हेच पुन्हा घडेल, म्हणून हे पत्र.

प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात धावपट्टी, कुंपण आणि मोकळी हवा असते. प्रेक्षकबंदीने प्रेक्षकांचे एकमेकांपासून रक्षण होते, येताजातानाच्या लोकलचे, बसचे, चहाच्या टपरीवरच्या गर्दीचे रक्षण होते. संघाचे रक्षण त्याने फारसे होत नाही. मैदानात खेळतानाचा संसर्गही कमीच, कारण ९० मिनिटांत दोन खेळाडू एकमेकांच्या अगदी जवळ असतात ती वेळ काही मिनिटांचीच, आणि तीही उघड्यावर, धावत असताना. संघाला धोका असतो तो बंद खोलीतला: जेवणाचा हॉल, बस, ड्रेसिंग रूम, फिजिओची खोली, संघाची बैठक. आणि या खोल्यांत बाहेरून येणारा माणूस कोण? तिकीट काढून आलेला प्रेक्षक कधीच नाही. वाढपी, खोल्या आवरणारे, धोबी, लिफ्टवाला, बसचालक.

बंद दाराआड फुटबॉल कसे खेळावे याचा पहिला मोठा आराखडा जर्मनीने केला. मोठ्या युरोपीय लीगपैकी बुंडेसलिगा सर्वांत आधी, १६ मे २०२० रोजी, पुन्हा सुरू झाली. राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने नियम लिहिले. त्यातली एकच गोष्ट जगभर गाजली: स्टेडियमचे तीन भाग, मैदान व ड्रेसिंग रूम, प्रेक्षागार आणि बाहेरचे आवार, प्रत्येक भागात साधारण शंभर माणसे, एकूण सुमारे तीनशे. हस्तांदोलन नाही, संघाचे छायाचित्र नाही, दोन्ही संघ बोगद्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर, बदली खेळाडू एकेक खुर्ची सोडून. हे सगळे दूरचित्रवाणीवर दिसले आणि आपल्याकडे तसेच्या तसे उतरले. जे दिसले नाही ते कमी उतरले. सामने सुरू होण्याआधी प्रत्येक संघ हॉटेलात विलगीकरणात राहून सराव करत होता. दोन विभागांच्या ३६ क्लबांत सुरुवातीलाच १,७२४ चाचण्या झाल्या, त्यांत १० पॉझिटिव्ह निघाल्या. शिस्तीला अपवाद नव्हता. आउग्सबुर्गचे प्रशिक्षक हायको हेरलिश टूथपेस्ट आणि त्वचेचे मलम आणायला हॉटेलबाहेर दुकानात गेले आणि त्यांना नव्या क्लबच्या पहिल्याच सामन्यात बाकावर बसता आले नाही. खेळाडू सालोमन कालूने ड्रेसिंग रूममध्ये हस्तांदोलन करतानाचे चित्रीकरण प्रसारित केले तर त्याच्या क्लबने, हेर्था बर्लिनने, त्याला निलंबित केले. दुसऱ्या विभागातल्या डायनॅमो ड्रेस्डेनचे दोन खेळाडू पॉझिटिव्ह आले तेव्हा स्थानिक आरोग्य खात्याने सगळ्या संघाला १४ दिवस घरी बसवले. तरीही ड्रेस्डेनला कोणी बाद ठरवले नाही. त्यांचे सामने पुढे गेले. हा मुद्दा लक्षात ठेवावा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

आपल्याकडे हे काम गोव्याने करून दाखवले आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते होते. १४ मार्च २०२० रोजी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, तेव्हा ती घाईघाईतली तडजोड होती. पुढचा हंगाम मात्र विचारपूर्वक बांधला होता. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१, ११ संघ, ११५ सामने आणि तीनच मैदाने: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. तिन्ही एकमेकांपासून बसने सुमारे तासाभराच्या आत, त्यामुळे विमानतळ नाही, रेल्वे नाही, वाटेत मुक्काम नाही. पर्यटन थंडावल्यामुळे हॉटेले रिकामी होती. संघ ऑक्टोबरातच येऊन बसले. एका मैदानाच्या वाट्याला १६ आठवड्यांत सरासरी ३८ सामने आले, म्हणजे आठवड्याला दोनापेक्षा जास्त. संध्याकाळच्या दवात भिजलेले गवत इतक्या वापराने गोलच्या तोंडाशी आणि सहायक पंचाच्या धावेच्या पट्टीवर आधी उखडते. सरावासाठी वेगळी मैदाने ठेवणे, सामन्याआधी अंग गरम करण्याची जागा आलटून पालटून देणे, सामना संपल्या संपल्या उखडलेली ढेकळे बसवणे आणि वाळूमिश्रित माती पसरणे, ही कामे वेळच्या वेळी झाली म्हणून मैदाने मार्चपर्यंत टिकली. मैदान राखणाऱ्या माणसांची नावे कोणी छापली नाहीत. छापायला हवी होती.

मग तीच यंत्रणा २०२१-२२ च्या हिवाळ्यात का डगमगली? २६ डिसेंबरला कोलकात्यात सुरू झालेली आय-लीग ही क्लबांची स्पर्धा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात थांबवावी लागली. गोव्यात इंडियन सुपर लीगचा ८ जानेवारीचा एटीके मोहन बागान-ओडिशा सामना पुढे ढकलला गेला आणि त्यामागे आणखी काही. नंतर नवी मुंबई. महिनाभरात तीन स्पर्धा, तिन्ही प्रेक्षकांविना. ओमायक्रॉन हे कारण आहेच, पण ते अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे चाचणीच्या हिशोबात आहे, आणि तो हिशोब प्रत्येक संयोजकाने कागदावर मांडून पाहावा.

समजा हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी घरी लागण झाली. शनिवारी सकाळी त्याचा आरटी-पीसीआरचा स्वॅब घेतला. लागण होऊन बारा-चौदा तासच झालेत, नाकात विषाणू मोजण्याइतका नाही. रविवारी दुपारी अहवाल येतो: निगेटिव्ह. ओमायक्रॉन दोन-तीन दिवसांतच दुसऱ्याला लागण्याजोगा होतो, म्हणजे अहवाल हातात पडतो त्याच सुमारास हा माणूस धोकादायक होऊ लागतो. पुढचा स्वॅब मंगळवारी, अहवाल बुधवारी. रविवार दुपार ते बुधवार दुपार त्याने नऊ वेळा जेवण वाढले आणि तीन वेळा खोल्या आवरल्या, खिशात निगेटिव्ह अहवाल ठेवून. यात कोणी नियम मोडलेला नाही. नियमच डेल्टाच्या आधीच्या विषाणूच्या वेगावर बेतलेला होता.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. प्रत्येक पाळीच्या आधी, दारातच अँटिजेन चाचणी; निकाल १५ ते ३० मिनिटांत. अँटिजेन चाचणी आरटी-पीसीआरइतकी सूक्ष्म नाही हे खरे, पण माणूस भरपूर विषाणू सोडत असतो तेव्हा ती बहुधा पकडते, आणि आपल्याला नेमका तोच माणूस दारात अडवायचा आहे. आरटी-पीसीआर त्याच्या जोडीला, एक दिवसाआड. आणि एक अट कडक पाळायची: ज्याचा अहवाल प्रयोगशाळेत आहे त्याने तोवर संघाच्या मजल्यावर पाऊल ठेवायचे नाही. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी हॉटेल कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांबद्दलच जाहीर नाराजी व्यक्त केली आहे. एएफसीने आपली व्यवस्था योग्य असल्याचे म्हटले आहे. कोण बरोबर हे चौकशीत ठरेल. पण हॉटेलात काम करून रोज घरी जाणारा माणूस बबलच्या, म्हणजे बाहेरच्या जगापासून तोडलेल्या वर्तुळाच्या, आत धरायचा की बाहेर, हा प्रश्न चौकशीची वाट न पाहता सोडवता येतो. तो आत असेल तर त्याला स्पर्धा संपेपर्यंत तिथेच खोली, तिन्ही त्रिकाळ जेवण आणि घरापासून दूर राहण्याचा वेगळा भत्ता द्यायला हवा, आणि संघ येण्याआधी त्याचेही विलगीकरण व्हायला हवे. खेळाडू आणि पथक मिळून पस्तीसेक माणसांच्या संघाला स्वयंपाक, वाढप, साफसफाई, कपडे, सुरक्षा आणि वाहन मिळून वीस-पंचवीस माणसे लागतात. जवळजवळ दुसरे पथकच म्हणा ना. खोल्या आरक्षित करताना ते मोजले जात नाही.

जेवणाचा हॉल हा सगळ्यात नाजूक. मुखपट्टी तिथेच उतरते आणि सगळ्यांची एकदम उतरते. मोठ्या हॉटेलांच्या काचा उघडत नाहीत आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. जानेवारीत नवी मुंबईत गच्चीवर किंवा हिरवळीवर मांडव घालून जेवता येते, एसीची गरजच नाही. हॉलच वापरावा लागला तर कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ठेवावे. ते काही हजार रुपयांत मिळते. बाहेरच्या हवेत हा आकडा दशलक्ष भागांत ४०० च्या आसपास असतो. हॉलमध्ये तो ८०० ते १,०००च्या वर गेला की माणसे एकमेकांच्या श्वासातून श्वास घेत आहेत असे समजून दारे उघडावीत, नाहीतर अर्ध्यांना बाहेर पाठवावे. जेवणाच्या दोन पंगती, एका टेबलावर चौघे, आणि रोज तेच चौघे. ताटे भरून टेबलावर ठेवून वाढप्यांनी निघून जायचे, मगच संघाने आत यायचे. ओळीत उभे राहून वाढून घेण्याची पद्धत पूर्ण बंद.

टेबलावरचे हेच चौघे बसमध्ये शेजारी, सरावात एका गटात आणि खोल्या दोघांत असतील तर खोलीतही तेच. म्हणजे एक आजारी पडला तर धोका चौघांपुरता राहतो, तेवीस जणांचा होत नाही. संघासाठी एकाऐवजी दोन बस. यात एक बारीक गोष्ट हमखास विसरली जाते: तिन्ही गोलरक्षकांना एका गटात कधीही ठेवू नये. ते एरवीही एकत्र असतात, सराव एकत्र, प्रशिक्षक एक, दोस्ती घट्ट. पण १३ खेळाडूंत एक गोलरक्षक असणे बंधनकारक असते. तिघे एकाच टेबलावर जेवले आणि एकाला लागण झाली तर उरलेले वीस ठणठणीत असूनही संघ उभा राहत नाही.

आणि फिजिओ. संघातल्या सर्वांत जास्त लोकांना हात लावणारा माणूस हा. दिवसाला आठ-दहा खेळाडू, प्रत्येकी अर्धा तास, लहानशा बंद खोलीत. चार-चारच्या गटांची सगळी काळजी फिजिओच्या खोलीत वाया जाऊ शकते. त्याचे टेबल व्हरांड्यात किंवा उघड्या दाराशी हवे, दोघांनीही एन-९५ मुखपट्टी घालायला हवी आणि शक्य असेल तर दोन फिजिओ, गट वाटून. ड्रेसिंग रूमही दोन घ्याव्यात, एकीत सुरुवातीचे अकरा, दुसरीत बदली खेळाडू. जर्मनीत तिथे अर्धा-पाऊण तासापेक्षा जास्त थांबायचेच नाही असा दंडक होता. आंघोळ हॉटेलात.

उलट बाजूची चूकही टाळावी. करोनातून बरा झालेला खेळाडू पुढे कित्येक आठवडे आरटी-पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह दिसू शकतो, कारण चाचणी विषाणूचे मेलेले तुकडेही मोजते. बबलमध्ये शिरण्याआधी प्रत्येकाच्या जुन्या आजाराची तारीख आणि अहवाल डॉक्टरांकडे नोंदलेले हवेत, आणि अहवालात नुसते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न मागता सीटी मूल्यही मागावे. मूल्य जितके जास्त तितका विषाणूचा अंश कमी. नाहीतर लागण न करणारा धडधाकट खेळाडू आपण स्वतःच्या हाताने खोलीत कोंडून घालतो आणि १३ चा आकडा आणखी दूर जातो.

आता त्या १३ च्या नियमाकडे. तो अचानक आभाळातून पडलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये दोहा येथे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाच्या अल हिलालला, म्हणजे गतविजेत्यांना, ११ च खेळाडू उभे करता आले. सामना पुढे ढकलण्याची त्यांची विनंती फेटाळली गेली, त्यांनी माघार घेतली असे धरले गेले आणि त्यांचे निकालही पुसले गेले. जे नवी मुंबईत झाले तेच, सोळा महिने आधी. इतका ढळढळीत दाखला समोर असताना आपण स्वतः यजमान असलेल्या स्पर्धेत त्या नियमाला पर्याय का मागितला नाही, हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला विचारण्यासारखा प्रश्न आहे. कारण पर्याय होता. २०२१ मध्ये झालेल्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेतही किमान १३ खेळाडू आणि त्यांत एक गोलरक्षक हीच अट होती, पण संघ कमी पडला तर सामना ४८ तासांच्या आत पुन्हा लावता येत होता. तेही जमले नाही तर तो एकच सामना ०-३ ने जात असे. स्पर्धा जात नव्हती. शिवाय पथक २३ ऐवजी २६ खेळाडूंचे होते. संख्या तीच, शिक्षा वेगळी. त्या दोन दिवसांवर आणि तीन खेळाडूंवर आपल्या मुलींचे सगळे भवितव्य टांगलेले होते.

अर्थात नुसते ४८ तास मिळून भागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याकडे विलगीकरण सात दिवसांचे होते, त्यामुळे दोन दिवसांत आजारी खेळाडू परत येत नव्हते. ते दोन दिवस नवे खेळाडू आणण्यासाठी असतात. म्हणून यजमान संघाने सात-आठ राखीव खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक, वेगळ्या हॉटेलात, वेगळ्या कर्मचाऱ्यांसह, पहिल्या दिवसापासून चाचण्या करून तयार ठेवायला हवेत. आणि वेळापत्रकात रिकामे दिवस आधीच सोडायला हवेत. भारताचे सामने २०, २३ आणि २६ तारखेला होते, उपांत्यपूर्व फेरी ३० ला सुरू. २३ चा सामना २५ ला आणि २६ चा २८ ला नेणे कागदावर तरी शक्य होते. थकवा आला असता, पण पाच बदली खेळाडूंची मुभा २०२० पासून याच कारणासाठी आहे. विश्रांतीनंतर लगेच खेळताना स्नायू दुखावतात हे बुंडेसलिगाच्या पहिल्याच दिवशी दिसले होते. डॉर्टमुंडचा जिओ रेना सामन्याआधी अंग गरम करतानाच जखमी झाला.

प्रेक्षक नसण्याने काय बदलते, तेही थोडक्यात सांगतो. बदलतो तो खेळ. इंग्लंडमध्ये २०२०-२१ चा प्रीमियर लीग हंगाम जवळजवळ पूर्ण रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. त्यात यजमान संघ १४४ सामने जिंकले आणि पाहुणे १५३, पाहुण्यांचे पारडे जड होण्याची त्या लीगच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. गर्दीचा आवाज नसला की पंच पाहुण्यांना कमी कार्डे दाखवतात, हेही अनेक देशांच्या आकड्यांतून पुढे आले. आणि गर्दी नाहीशी होत नाही, कधी कधी फक्त सरकते. ११ मार्च २०२० रोजी पॅरिसमध्ये पीएसजी-डॉर्टमुंड सामना बंद दाराआड झाला आणि हजारो चाहते स्टेडियमबाहेर रस्त्यावर खांद्याला खांदा लावून उभे होते. पोलिसांचा बंदोबस्त स्टेडियमच्या आत कमी आणि बाहेरच्या चौकात जास्त लागतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ठरलेला होता. तोवर करोना कुठल्या रूपात असेल हे कोणी सांगू शकत नव्हते, पण कागदावरची कामे आधीपासून करता येतात. त्यासाठी महासंघाकडे आणि संयोजकांकडे आमची मागणी अशी: खेळाडू कमी पडल्यास सामना पुढे ढकलण्याची आणि बदली खेळाडू घेण्याची तरतूद स्पर्धेच्या नियमावलीत आधीच लिहून घ्यावी. हॉटेलांच्या करारात राहत्या कर्मचाऱ्यांची संख्या, त्यांचा भत्ता आणि पाळीपूर्व चाचणी ही कलमे असावीत. आणि नवी मुंबईत कोणाची चाचणी कोणत्या तारखेला झाली, अहवाल कोणत्या वेळी आला, आणि त्या दरम्यान तो माणूस कुठे काम करत होता, याचा नावे वगळून तयार केलेला तक्ता प्रसिद्ध करावा. स्वॅब घेतल्याची वेळ आणि अहवालाची वेळ, असे दोनच रकाने त्यात नीट भरलेले असले तरी पुरे.

आपला,
फुटबॉल सामन्यांच्या व्यवस्थेत काम करणाऱ्या काही जणांच्या वतीने एक वाचक,
वास्को, गोवा
२८ जानेवारी २०२२